दंगलीनंतर वस्तीत जाताय? या चुका टाळा

दंगल असो, जाळपोळ असो की घरातली रोजची मारहाण. आपल्याकडून होणाऱ्या चुका मात्र ठरलेल्या. 22 वर्षं वस्त्यांमधून अशा बायकांना मानसिक आधार द्यायचं काम करतेय, आणि दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आलेली ताजी टीम दर वर्षी त्याच खड्ड्यात पडताना बघतेय. म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

बोलतं करायची घाई

"मनातलं बाहेर काढलं की मोकळं वाटतं." हे वाक्य पहिल्यांदा कुणी म्हटलं देव जाणे, पण त्याने फार नुकसान केलंय.

एका शहरात जाळपोळ झाल्यावर दहाव्या दिवशी आम्ही वस्तीत पोचलो. आमच्या आधी तीन गट येऊन गेले होते. घर जळालेल्या एका बाईंना मी नुसतं "कशा आहात?" विचारलं, तर त्यांनी पोलिसांत जबाब द्यावा तसं सगळं न थांबता सांगून टाकलं. डोळ्यांत पाणी नाही, आवाजात चढउतार नाही. शेवटी म्हणाल्या, "झालं का ताई? सही कुठे करू?"

एवढ्यावर मी शहाणं व्हायला हवं होतं. त्याच दुपारी आमच्यातल्या एका उत्साही मुलाने समाजमंदिरात बारा बायकांना गोल बसवलं आणि "एकेकीने त्या रात्रीबद्दल बोला" म्हणाला. मी दारात उभी होते, थांबवलं नाही. तिसरी बाई रडायला लागली, चौथीला घेरी आली. पाचवीच्या बोलण्यातून शेजारी बसलेल्या सहावीला कळलं, की तिच्या दिराला घरातून ओढून कुणी नेलं. नावासकट. आणि ज्याचं नाव निघालं, त्याची बायको समोरच बसलेली! त्या दोघींचं नळावरचं बोलणं तुटलं ते तुटलंच. दंगलीत टिकलेला शेजार आमच्या सत्राने मोडला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2011 सालच्या मानसिक प्रथमोपचाराच्या पुस्तिकेतही हेच आहे: परिस्थिती बघा, ऐका, मदतीशी जोडून द्या, बोलायची बळजबरी करू नका. पुस्तिका सगळे वाचतात. पण अहवालात 'किती जणांचं समुपदेशन केलं' असा रकाना असला की ती विसरतात.

माझी सवय सांगते. पहिल्या तीन भेटींत त्या दिवसाचा विषय मी काढतच नाही. झोप लागते का, पोरं शाळेत जातात का, रेशनकार्ड जळालं का, नवीन काढायला कुणी सोबत येतंय का, एवढंच. तांदूळ निवडत असतील तर समोरचं अर्धं ताट माझ्याकडे ओढते. हात कामात असले की माणूस आपणहून बोलतो, आणि नाही बोलला तरी तांदूळ निवडून होतात.

फॉर्ममधलं मराठी

"गेल्या दोन आठवड्यांत आपणांस कामात रस वा आनंद कमी वाटला का?" नैराश्य मोजायच्या फॉर्ममधला हा प्रश्न आमच्या एका मुलीने पहाटेपासून धुणीभांडी करून आलेल्या बाईला विचारला. उत्तर आलं, "कामात कसला गं रस?" मुलीने शून्य गुण दिले, म्हणजे 'काही त्रास नाही'.

बायका 'नैराश्य' म्हणत नाहीत. जीव लागत नाही, छातीत धडधडतं, डोक्याला मुंग्या येतात, विचार लय येतात, असं म्हणतात. झिंबाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडा यांनी 2006 मध्ये वस्तीतल्या आज्यांना तयार केलं आणि दवाखान्याच्या आवारात बाकड्यावर बसवून गप्पा सुरू केल्या. तिथे त्यांनी 'डिप्रेशन' हा शब्द पुढे केला नाही. लोकांच्या शोना भाषेतलाच 'कुफुंगिसिसा' घेतला. अर्थ काय, तर फार विचार करणं. म्हणजे आपल्या बायकांचं 'विचार लय येतात'च की! तुमच्या वहीचं पहिलं पान अशा शब्दांसाठी कोरं ठेवा. फॉर्म नंतर भरा, घरी बसून.

गाडी दारात

संस्थेचं नाव रंगवलेली जीप थेट घरासमोर उभी करायची नाही. मारहाण होत असलेल्या घरासमोर तर नाहीच नाही. तुम्ही अर्ध्या तासात निघून जाता, रात्री जाब तिथल्या बाईला द्यावा लागतो. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 2000 मध्ये महापालिका आणि 'सेहत' या संस्थेने घरात मारहाण सोसणाऱ्या बायकांसाठी 'दिलासा' केंद्र सुरू केलं. ते दवाखान्यात असण्याचा मोठा फायदा हाच: डोकं दुखतंय म्हणून बाई केसपेपर काढायला गेली तर घरात कुणी संशय घेत नाही. मी चालत जाते, आणि आधी दुसऱ्याच दोन घरी चहा घेते.

आता बाकीच्या, पटापट.

सासूसमोर "घरी सगळं ठीक ना?" विचारू नका. ठीकच असतं.

मारणारा नवरा आणि बायको यांच्यात तडजोड घडवून आणू नका. ते करायला भावकी आधीच टपून बसलेली असते.

टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चिठ्ठीवर लिहून देऊन सुटू नका. फोन कुणाच्या हातात असतो ते आधी विचारा. जमलं तर पहिला कॉल लावताना शेजारी बसा.

भगताशी, बाबाशी भांडायला जाऊ नका. ती तिथे जाते कारण तिथे तिचं कुणीतरी ऐकतं. मी एवढंच विचारते, "तिथे जाऊन आल्यावर झोप लागते का?" मात्र कुणी मारतंय, साखळीने बांधतंय किंवा चालू गोळ्या बंद करायला सांगतंय, तर तिथे गोड बोलणं संपतं. मारण्या-बांधण्याविरुद्ध महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे.

त्याच गल्लीतली कार्यकर्ती नेमाल तर तिच्याही घरावर दगड आले होते का, हे विचारून घ्या. ती रोज ऐकून घरी जाते, तेव्हा तिचं कोण ऐकतं?

आणि प्रकल्प मार्चमध्ये संपणार असेल तर बायकांना दिवाळीतच सांगा. शेवटच्या दिवशी केक कापून, फोटो काढून गायब होणारे मी पाहिलेत. पुढच्या टीमला त्या दाराची कडी महिनाभर कुणी काढून देत नाही.