जुन्या मालवाहू विमानाचं खरं वय कसं ओळखायचं?

मालवाहू विमानांच्या देखभालीत नव्याने आलेली मुलं आधी लॉगबुकातले एकूण तास बघतात. बघावेतच, पण तेवढ्यावर विसंबू नये. अमेरिकन हवाई दल सी-१३० या मालवाहू विमानाचे तास सरसकट मोजत नाही. प्रत्येक तासाला विमानाने कसलं काम केलं त्यानुसार गुणक लावतात. जमिनीलगतच्या धक्क्यांत, वजन लादून काढलेला एक तास उंचावरच्या शांत हवेतल्या कित्येक तासांना भारी पडतो. गुणून आलेला आकडा ३८,००० वर गेला की उड्डाणावर बंधनं येतात. ४५,००० झाले की सेंटर विंग बॉक्स, म्हणजे दोन्ही पंखांना जोडणारा धडावरचा मधला सांगाडा, बदलेपर्यंत विमान जमिनीवर.

१७ जून २००२ रोजी कॅलिफोर्नियात वॉकरजवळ वणवा विझवताना एका सी-१३०ए चे पंख हवेतच तुटले, आतले तिघेही गेले. तडा उजव्या पंखाच्या खालच्या पत्र्यात, रिव्हेटच्या भोकांपाशी सुरू झाला होता, आणि वर डबलर, म्हणजे मजबुतीसाठी लावलेला जोडपत्रा, बसवलेला. डबलरखाली असेपर्यंत बाहेरून टॉर्च मारून तो दिसणारच नव्हता. म्हणून तपासणीआधी जुन्या दुरुस्त्यांची फाइल काढा. जिथे डबलर, तिथे एडी करंट (विद्युतप्रवाहाने झाकलेला तडा शोधणारी तपासणी) किंवा एक्स-रे.

डाय पेनिट्रंट, म्हणजे तड्यात शिरणारा रंगीत द्रव, फक्त पृष्ठभागावर उघडा असलेलाच तडा दाखवतं, आणि त्यातही नवखे हमखास दोनदा चुकतात. विमानावरचा रंग वायर ब्रशने खरवडला तर मऊ ॲल्युमिनियम पसरून तड्याचं तोंड बुजतं. पेंट रिमूव्हरच वापरा. डाय लावल्यावर डब्यावर लिहिलेला वेळ, साधारण १० ते ३० मिनिटं, थांबा. मग जादा डाय पुसताना सॉल्व्हंट फडक्यावर घ्यायचं. थेट भागावर फवारलंत तर तड्यातला डायही धुऊन जातो आणि डेव्हलपरवर, म्हणजे तड्यातला डाय शोषून दाखवणाऱ्या पांढऱ्या लेपावर, काहीच उमटत नाही. अहवालात 'निर्दोष' लिहिलं जातं!

धातूही बघावा लागतो. केसी-१३५ या इंधनवाहू विमानाच्या पंखांचा खालचा पत्रा मुळात ७१७८ क्रमांकाच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूचा होता. ताकद जास्त, पण तडा गेला की तो झपाट्याने वाढणार. तो काढून २०२४ क्रमांकाच्या मिश्रधातूचा पत्रा बसवला, म्हणून १९५७ पासूनची ही विमानं अजून उडताहेत.

अमेरिकन सैन्याची निवृत्त विमानं ॲरिझोनात टूसॉनजवळ डेव्हिस-मॉन्थन तळावर जातात. हवा कोरडी असल्याने गंज कमी, आणि जमीन इतकी टणक की काँक्रीट लागत नाही. तिथे विमान धुतात, इंधन काढून यंत्रणेत पातळ तेल फिरवतात, फटी बंद करून वरून पांढरा लेप देतात, म्हणजे आत उष्णता साठत नाही. काही विमानं पुन्हा उडवण्याजोगी ठेवतात, बाकीच्यांचे सुटे भाग निघतात.

असा भाग हातात आला की नवा समजू नका. टॅगवर त्याचे तास आणि कुठल्या विमानावरून काढला ते हवं. टॅग नसेल तर भाग कितीही चकचकीत असो, बसवायचा नाही.