अ‍ॅमॉक्सिसिलिन आणि अझिथ्रोमायसिन : तुलना कशी करावी

या दोन प्रतिजैविकांपैकी ‘अधिक जोरदार कोणते’ हा प्रश्न आधी बाजूला ठेवावा. संसर्ग कोणत्या जिवाणूचा आहे आणि औषध कोणाला द्यायचे आहे, यांवरच निवड ठरते. सर्दीसारखा विषाणुजन्य आजार असेल, तर दोन्ही निरुपयोगी आहेत.

पहिल्यांदा औषध काम कसे करते ते पाहावे. अ‍ॅमॉक्सिसिलिन पेनिसिलिनच्या कुळातले असून ते जिवाणूची पेशीभित्तिका, म्हणजे पेशीभोवतीचे कवच, नीट बांधली जाऊ देत नाही. अझिथ्रोमायसिन हे मॅक्रोलाइड या वेगळ्या कुळातले आहे. ते जिवाणूच्या रायबोसोमला, म्हणजे पेशीतील प्रथिने बनवणाऱ्या भागाला, चिकटून प्रथिननिर्मिती थांबवते. हा फरक केवळ पुस्तकी नाही. न्यूमोनियाला कारणीभूत ठरणाऱ्या मायकोप्लाझ्मा या जिवाणूला पेशीभित्तिकाच नसते. त्यामुळे तेथे अ‍ॅमॉक्सिसिलिन कितीही दिले तरी गुण येत नाही, अझिथ्रोमायसिनने मात्र येऊ शकतो. याउलट स्ट्रेप्टोकॉकसमुळे होणाऱ्या घशाच्या संसर्गात पहिली पसंती पेनिसिलिन किंवा अ‍ॅमॉक्सिसिलिनला असते, कारण हा जिवाणू मॅक्रोलाइडना अनेकदा दाद देत नाही.

दिवसांच्या संख्येवरून ताकद जोखू नये. अ‍ॅमॉक्सिसिलिनचे रक्तातील प्रमाण सुमारे तासाभरात निम्म्यावर येते, म्हणून ते दिवसातून दोन-तीनदा घ्यावे लागते. अझिथ्रोमायसिन ऊतींमध्ये कित्येक दिवस टिकते, म्हणून ते दिवसातून एकदा आणि बहुधा 3 ते 5 दिवसच दिले जाते.

जागतिक आरोग्य संघटनेने अझिथ्रोमायसिन जपून वापरण्याच्या गटात ठेवले आहे, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. दिवसातून एकच गोळी घेण्याची सोय हे ते मागण्याचे कारण होऊ नये.

यानंतर रुग्णाचा विचार करावा. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असल्यास अ‍ॅमॉक्सिसिलिन टाळले जाते. पण ‘अ‍ॅलर्जी आहे’ एवढेच न सांगता पूर्वी नेमके काय झाले होते, अंगावर गांधी उठल्या होत्या की केवळ पोट बिघडले होते, हे डॉक्टरांना सांगावे, कारण जुलाब म्हणजे अ‍ॅलर्जी नव्हे. हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता असलेल्यांना किंवा ठोक्यांवर परिणाम करणारी इतर औषधे घेणाऱ्यांना अझिथ्रोमायसिन धोक्याचे ठरू शकते, म्हणून चालू असलेल्या सर्व औषधांची यादी सोबत न्यावी. औषध घेतल्यावर ओठ किंवा चेहरा सुजला अथवा श्वास घेणे जड गेले, तर पुढचा डोस न घेता तत्काळ रुग्णालय गाठावे.