‘घरात कोण कोण?’ एवढं विचारून भागत नाही

टीबीच्या कामावर रुजू झाल्यावर सातपूरच्या एका चाळीत पेशंटच्या संपर्कातल्या माणसांची माझी पहिलीच यादी चुकली. आजींच्या बेडक्यात जंतू सापडले होते. ‘घरात कोण कोण?’ विचारलं, मुलगा-सून-नातू अशी तीन नावं लिहिली आणि निघाले. पुढच्या फेरीला बघते तर आजींच्या मांडीवर दीड वर्षाची पोर. शेजारची. आईबाप अंबडला कंपनीत, पोर दिवसभर आजींकडे. यादीत पहिलं नाव तिचं हवं होतं.

आता मी विचारते, रात्री एका खोलीत कोण झोपतं? दिवसा जवळ कोण असतं? खोकला सुरू झाल्यापासून कोण राहून गेलं? एमआयडीसीतल्या पोरांच्या खोल्यांत एक गादी दोन पाळ्यांत वाटून घेतात. तिथे उलट्या पाळीचा गादीवाला मागे ठेवा, त्याच पाळीत शेजारी झोपणारा आधी घ्या. टीबी गादीतून नाही, हवेतून पसरतो. खिडकी उघडून बघा. कपड्यांच्या दोरीमागे बंद असलेली खिडकी मी धरतच नाही.

पेशंटला फुफ्फुसाचा टीबी असेल, त्यात बेडक्यात जंतू किंवा एक्स-रेत पोकळी दिसली, तर घाई करा. नुसती मानेची गाठ आणि छाती साफ असेल तर त्याच्यापासून इतरांना सहसा लागण होत नाही. पण पेशंट लहान मूल असेल तर उलटं शोधायचं, याला कुणाकडून लागला?

खोकला, ताप, रात्रीचा घाम, घटलेलं वजन यांपैकी काहीही दिसलं तर तपासणी लगेच. पाच वर्षांखालची मुलं आणि एचआयव्ही असलेले मात्र काही त्रास नसला तरी आधी. तान्ह्यांमध्ये आजार मेंदूपर्यंत पोचू शकतो. बीसीजी, म्हणजे टीबीची लस, दिलीय म्हणून निर्धास्त राहू नका. मग शुगरवाले, डायलिसिसवरचे, स्टेरॉइड घेणारे.

टीबी नाही याची खात्री झाल्यावरच प्रतिबंधक गोळ्या. ‘आजारच नाही तर गोळ्या कशाला?’ हे ऐकावं लागतंच. आठवड्यातून एकदा, असे बारा डोस असतील तर लघवी केशरी होते हे आधीच सांगा. नाहीतर घाबरून पाकीट कपाटावर जातं.

शेजारच्या दारात पेशंटचं नाव आपण घ्यायचं नाही. मी आजींनाच विचारलं. त्या म्हणाल्या, ‘मीच सांगते तिच्या आईला,’ आणि तोंडाला पदर लावून माझ्यापुढे चालू लागल्या.