खळाळत्या पाण्यातल्या कनूसाठी जुनं खोगीर कसं शोधावं, कसं बसवावं

खळाळत्या पाण्यात एकट्यानं चालवायची कनू म्हणजे वरून उघडी, आखूड, दोन्ही टोकांकडे उचललेली होडी. तिच्यात फळीवर बसत नाहीत, गुडघे टेकतात. वज्रासन घालायचं, पण गुडघे दोन्ही अंगांना फाकवून होडीच्या कुशीत रोवायचे आणि मधल्या ठोकळ्यावर मांड टाकायची. त्या ठोकळ्याला इथे सगळे ‘सॅडल’ म्हणतात. आपला खोगीर हा शब्द त्याला नेमका बसतो, कारण काम तेच आहे. बूड आणि दोन गुडघे अशा तीन टेकूंवर माणूस होडीशी जोडला जातो आणि कमरेतून ती कलवू शकतो. कनूचं वल्हं एकाच पात्याचं असतं. मांड ढिली असेल तर त्या वल्ह्यातला जोर होडीपर्यंत पोचतच नाही.

मी अमेरिकेच्या आग्नेय भागात राहतो. टेनेसीतली ओकोई आणि नॉर्थ कॅरोलिनातली नांताहाला या माझ्या दोन नद्या. १९९६च्या अटलांटा ऑलिम्पिकची स्लालम शर्यत, म्हणजे टांगलेल्या फाटकांमधून होडी नेण्याची शर्यत, ओकोईवरच झाली होती. वरच्या धरणातून पाणी सोडलं की ती वाहायला लागते. कोलाडला सकाळचं पाणी सुटल्यावर कुंडलिकेत राफ्ट उतरतात, तसाच प्रकार. इकडे एकट्याची उघडी कनू चालवणारे बरेच आहेत, आणि त्यातल्या अनेकांच्या होड्या १९८० आणि ९०च्या दशकातल्या आहेत: डॅगर कंपनीची एन्कोर किंवा (नदीच्याच नावाची) ओकोई, मोहॉकची वायपर, परसेप्शनची एचडी-१, मॅड रिव्हरची आउटरेज. डॅगर आणि परसेप्शन आता कायाकच बनवतात, म्हणजे पाय पुढे पसरून दोन पात्यांच्या वल्ह्यानं चालवायची होडी. यातल्या बहुतेक कनू ज्या रॉयलेक्स नावाच्या थरांच्या प्लॅस्टिकच्या होत्या, त्याचं उत्पादनही २०१४मध्ये थांबलं. जुन्या होड्या जपून वापरल्या जातात त्या यामुळे, आणि जुन्या खोगिरांनाही यामुळेच मागणी आहे.

शोधायचं कुठे

सुटं खोगीर विकायला आलंय असं क्वचितच दिसतं. ते बहुधा होडीत चिकटलेलं असतं, म्हणून शोध होडीचा घ्यावा. तळ चिरलेली किंवा काठ कुजलेली कनू फार स्वस्तात मिळते आणि तिच्या आतलं खोगीर, मांड्यांचे पट्टे (मांडी होडीला धरून ठेवणारे), पायाचे टेकू, हवेच्या पिशव्या (उलटल्यावर होडी तरंगत ठेवणाऱ्या) हे सगळं कधीकधी धडधाकट असतं. जाहिरातीत खोगिराचा फोटो नसतोच. तो मागून घ्या, वरून एक आणि बाजूने एक.

दुसरी जागा म्हणजे क्लब. जॉर्जिया कनूइंग असोसिएशन किंवा चॅटनूगाचा टेनेसी व्हॅली कनू क्लब अशा जुन्या क्लबांत तीस-चाळीस वर्षं वल्हवणारी मंडळी आहेत. गुडघ्यांनी साथ सोडली की ती कायाककडे वळतात आणि खोगीर गॅरेजच्या माळ्यावर पडून राहतं. नांताहाला आउटडोअर सेंटरच्या शरद ऋतूतल्या उत्सवात जुन्या सामानाची मोठी विक्री होते, तिथेही एक चक्कर टाका. पण खरं सांगायचं तर मला सगळ्यात चांगली खोगिरं नदीकाठच्या पार्किंगमध्ये, नुसतं विचारल्यावर मिळाली आहेत. “काका, तुमच्याकडे जुनं सॅडल पडलंय का?” एवढा प्रश्न इंग्रजीत विचारायला काही लागत नाही.

हातात घेऊन काय तपासायचं

जुनी खोगिरं ढोबळमानानं दोन जातींची. एक, मिनीसेल फोमचा कोरलेला ठोकळा. हा बंद पेशींचा, दाट, पाणी न पिणारा फोम असतो. दुसरी जात, कडक प्लॅस्टिकच्या कवचाची. परसेप्शनची अशी खोगिरं अजून बऱ्याच होड्यांत दिसतात. नवशिक्यानं फोमचंच घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. फोम कापता येतो, वाढवता येतो, आपल्या अंगाचा करता येतो. प्लॅस्टिकचं कवच ज्याला बसतं त्याला बसतं, आणि ज्याला बसत नाही त्याच्या मांड्या सोलून निघतात.

फोमवर अंगठा जोरात दाबून पाच सेकंद धरा आणि सोडा. खड्डा हळूहळू भरून आला तर फोममध्ये जीव आहे. अंगठ्याचा ठसा तसाच राहिला तर तो फोम बसलेला आहे. तुमचं वजन पडल्यावर तो आणखी खचेल आणि उंचीचं गणित बिघडेल. वरचा पापुद्रा उन्हानं भुकटी होऊन बोटाला लागत असेल तर घाबरू नका, पाव इंच घासून काढला की खाली ताजा फोम लागतो. ठोकळा थरांचा असेल तर सांध्यांकडे नीट बघा. तिथे नख आत जात असेल तर थर सुटायला लागलेत, पण हा दोष गोंदानं दुरुस्त होतो. उंदरांनी कुरतडलेलं मात्र घेऊ नका. मी एकदा घेतलं, आणि वरचं भोक बुजवल्यावर कळलं की आतून बोगदाच गेला होता.

प्लॅस्टिकचं घ्यायचंच असेल तर बोल्टच्या भोकांभोवती केसासारख्या चिरा आहेत का ते उजेडात धरून पाहा.

मांड्यांचे पट्टे होडीबरोबर मिळाले तर ते वापरू नका. जुन्या नायलॉनच्या पट्टीवर नख ओढलं आणि धूळ निघाली तर तिची ताकद गेली. न निघाली तरी बकल वीस वर्षांचं असतं. खोगीर जुनं चालेल, पट्टे आणि बकलं नवीच हवीत. यात काटकसर नको.

जुन्या होडीतून सोडवताना

मिळालेलं खोगीर दुसऱ्या होडीच्या तळाला चिकटलेलं असेल तर ते उपटायचा मोह होतो. तसं केलं तर फोम फाटतो, नाहीतर रॉयलेक्सची आतली कातडी निघून येते. त्यापेक्षा गिटारची पोलादी तार घ्या, तिची दोन टोकं लाकडी दांडक्यांना बांधा आणि खोगिराखालून करवतीसारखी ओढत न्या. तार तळापासून पाव इंच वर ठेवा. तळाशी फोमचा पातळ थर राहील तो राहू द्या. त्याच होडीत दुसरं खोगीर बसवायचं झालं तर हा थर उपयोगी पडतो, कारण फोमवर फोम फार घट्ट चिकटतो. ॲसिटोन मुळीच वापरू नका, ते रॉयलेक्स विरघळवतं. पुसायला अल्कोहोल पुरतं.

आधी उंची, मग जागा, गोंद सगळ्यात शेवटी

होडीच्या तळापासून बुडापर्यंतची उंची साधारण ७ ते ९ इंच असते. उंच खोगिरावर गुडघ्यांना आणि घोट्यांना आराम मिळतो, वल्ह्याचा पल्ला वाढतो, पण होडी डुचमळते. खालच्या खोगिरावर होडी स्थिर राहते आणि अर्ध्या तासात पाय बधिर होतात. सुरुवात उंच ठेवून करा, कारण घासून कमी करणं सोपं आहे. कमी पडलं तर खाली एक चकती चिकटवावी लागते आणि एक सांधा वाढतो.

घरात जमिनीवर खोगीर ठेवा, नदीतले बूट घाला आणि त्यावर वीस मिनिटं गुडघे टेकून बसा. टीव्ही बघा, भाजी निवडा, काहीही करा, पण उठू नका. मांडीच्या आतल्या बाजूला जिथे रग लागेल तिथे पेनानं खूण करा. तेवढाच भाग घासायचा. मोठा काप काढायला पाव कापायची दातेरी सुरी उत्तम, आणि नंतर जाड सँडपेपर किंवा सर्फॉर्मची किसणी. किसणीखालून खोबऱ्याच्या किसासारखा काळा चुरा पडतो. तो हलका असतो, वाऱ्यानं उडतो आणि नदीत गेला तर तिथेच राहतो. म्हणून हे काम गॅरेजमध्ये, खाली चादर अंथरून करा.

खोगिराचा तळ होडीच्या तळाच्या बाकाला जुळला पाहिजे. त्यासाठी एक जुनी युक्ती आहे. सँडपेपरचा मोठा कागद खरखरीत बाजू वर करून होडीत, खोगिराच्या जागी पसरा आणि खोगीर त्यावर मागेपुढे घासा. होडीचा आकार आपोआप फोममध्ये उतरतो. मला हे करताना नेहमी पाट्यावर वाटण वाटल्यासारखं वाटतं, आणि वेळही तेवढाच लागतो.

आता जागा. खोगीर दोरीनं आडव्या दांड्यांना तात्पुरतं बांधा, हवेच्या पिशव्या भरून जागेवर ठेवा आणि होडी शांत पाण्यात उतरवा. तळ्यावर जा, नदीवर नको. तुम्ही वल्हं घेऊन नेहमीसारखे बसा आणि कुणाला तरी काठावरून बाजूनं पाहायला सांगा. दोन्ही टोकं सारखी, किंवा मागचं टोक किंचित खाली, असं हवं. पुढचं टोक खाली असेल तर प्रत्येक लाट होडीत येईल आणि वळताना होडी अडेल. सोबत कुणी नसेल तर होडीत भांडंभर पाणी ओता आणि ते कुठे साचतं ते पाहा. खोगिराच्या जरा मागे साचलं तर ठीक. पुढे, गुडघ्यांच्याही पुढे धावलं तर खोगीर इंचभर मागे न्या आणि पुन्हा पाहा. इथे एकेक इंच जाणवतो. समाधान झाल्यावर तळावर खोगिराभोवती पेनानं ठळक रेघ मारा.

चिकटवणं

चपलांचे तळ सांधायला वापरतात त्या जातीचा कॉन्टॅक्ट सिमेंट लागतो. इथे वेल्डवुडचा लाल डबा मिळतो. पाण्यावर आधारलेला प्रकार घेऊ नका. लाल डब्यातल्या गोंदाच्या वाफेनं डोकं जड होतं आणि ती पेट घेते, म्हणून दारं-खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळ कुठलीही ज्योत नको.

होडीचा तळ साबणानं धुवा, वाळवा, अल्कोहोलनं पुसा. गोंद दोन्ही बाजूंना पातळ लावा, वाळू द्या, दुसरा हात द्या, पुन्हा वाळू द्या. बोटाच्या मागच्या बाजूनं हलकेच टेकवल्यावर चिकटपणा जाणवतो पण गोंद बोटावर येत नाही, ती योग्य वेळ. एकदा टेकलं की हलवता येत नाही. म्हणून आधी मेणकागदाचे दोन तुकडे तळावर ठेवा, खोगीर त्यावर रेघेत बसवा आणि मग एकेक कागद ओढून काढत दाबत जा. वर चढून बसा, गुडघ्यानं दाबा, एक दिवस तसंच सोडा.

पट्ट्यांच्या कड्या ज्या विनाइलच्या गोल ठिगळांवर असतात, त्यांना मात्र विनाइलसाठीचाच गोंद हवा, व्हायनाबाँड चालतो. माझी पहिली दोन ठिगळं मी साध्या कॉन्टॅक्ट सिमेंटनं लावली होती. नांताहालाच्या शेवटच्या धबधब्यावर डावं ठिगळ उचकटलं आणि गुडघा मोकळा सुटून मी उलटलो. त्या पाण्याचा गारठा भर उन्हाळ्यातही हाडांत शिरतो.

होडी पॉलिएथिलीनची असेल तर यातलं काही लागू पडत नाही. त्या प्लॅस्टिकला गोंद धरत नाही. खोगीर बोल्टांनी किंवा आडव्या दांड्यांच्या आधारानं बसवावं लागतं.

सुटता आलं पाहिजे

पट्टा मांडीच्या मधोमध यावा. इतका घट्ट, की गुडघा उचलला तर होडीची बाजू उचलली जाईल. आणि इतका मोकळा, की पाय मागे ओढला तर तो सुटेल. बकल एका हातानं, न बघता, ओढून सुटणारं हवं. पायाचे टेकू बसवल्यावर बूट घालून पाहा: बुटाचा पंजा टेकू आणि तळ यांच्या फटीत अडकतो का? अडकत असेल तर फट फोमनं बुजवा. खोगिराचा मोठा गुण हा, की पाय त्याच्या दोन्ही बाजूंना मोकळे असतात, फळीखाली अडकून बसत नाहीत. हा गुण जाडजूड गाद्या आणि टेकू भरून घालवू नका. आपल्याकडे खोगीरभरती म्हणतात ती इथे जिवावर बेतू शकते.

नदीवर जाण्याआधी छातीएवढ्या शांत पाण्यात, जाकीट आणि हेल्मेट घालून, जवळ एक माणूस उभा करून मुद्दाम उलटे व्हा. दहा वेळा तरी. उलट्या अवस्थेत बकल शोधा, सुटा, वर या. पट्टे ओले झाल्यावर ताण बदलतो, तोही तेव्हाच जुळवून घ्या.

खोगीर कायमचं चिकटवण्याआधी त्याच्या तळाला मार्करनं उंची आणि मागच्या टोकापासूनचं अंतर लिहून ठेवा. माझं आत्ताचं खोगीर एका एन्कोरमधून तारेनं सोडवताना मागच्या कोपऱ्याचा गोंद आपोआप सुटला होता, आणि तिथे आधीच्या मालकाच्या अक्षरात ‘८ १/२’ लिहिलेलं मिळालं. मी अर्धा इंच घासला, खाली ‘८’ लिहिलं आणि चिकटवून टाकलं.