पद्मिनीचं कॉम्प्रेशन वाढवा, पण जळगावचा मे महिना धरून

प्रीमियर पद्मिनीचं इंजिन कारखान्यातून निघायचं तेव्हा कॉम्प्रेशन (सिलेंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते प्रमाण) असायचं ७.३. सिलेंडरचा बोअर (आतला व्यास) ६८ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ७५ मिमी, सगळं मिळून १०८९ सीसी आणि ताकद जेमतेम ४० हॉर्सपॉवर. आता पंपावरचं साधं पेट्रोलसुद्धा निदान ९१ ऑक्टेनचं असतं, आणि ऑक्टेन जास्त तितकं पेट्रोल दाबाखाली अवेळी पेटत नाही. म्हणजे कॉम्प्रेशन वाढवायला जागा आहे. गाडी ऑटोक्रॉसला (मैदानात आखलेल्या वाटेवरची वेळेची शर्यत) उतरवायची असेल आणि खिसा हलका असेल, तर पैशाच्या मानाने सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो.

थांबायचं कुठे, हा खरा प्रश्न. माझं उत्तर आहे ९. पहिल्या इंजिनात मी साडेदहाच्या वर गेलो होतो. जानेवारीत गाडी अशी पळाली, की मी भेटेल त्याला बोनेट उघडून दाखवत होतो. एप्रिलमध्ये चढावर टकटक सुरू झाली. ती टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांची) आहे असं समजून मी दुर्लक्ष केलं आणि तिसऱ्या पिस्टनची दोन रिंगांमधली भिंत तुटली. चूक माझीच. पुण्या-बंगळूरच्या मित्रांनी दिलेला आकडा मी तसाच उचलला होता. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, बंगळूर नऊशेच्या वर आणि आपलं जळगाव दोनशेच्या आसपास. खाली हवेचा दाब जास्त, त्यामुळे सिलेंडर जास्त भरतो. त्यात उन्हाळ्यात पारा ४५ ला टेकतो. गरम हवा दाबली की ठिणगी पडल्यावर ज्वाळा पोचायच्या आतच उरलेलं मिश्रण आपोआप पेट घेतं. नॉकिंग म्हणजे हेच.

उघडण्याआधी

हेडला (सिलेंडरवरच्या झाकणाला) चीर असेल तर पुढचा सगळा खर्च पाण्यात. पद्मिनीचं हेड ॲल्युमिनियमचं आणि आपल्याकडे वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये बोअरवेलचं क्षारयुक्त पाणी ओतलेलं असतं. पाण्याच्या वाटांभोवतीचा धातू खाऊन गेलेला असतो. हेड काढलं की पहिल्यांदा दाबाखाली पाणी भरून तपासून घ्या. गळत असेल तर वेल्डिंगच्या नादी न लागता दुसरं हेड शोधा.

बजेटचा माझा साधा हिशेब: निम्मे पैसे लेथवाल्याला. उरलेल्यातून पिस्टन-रिंगा, बेअरिंग, गॅस्केट आणि रेडिएटर. मोठा कार्बोरेटर आणि चकचकीत एअर फिल्टर यांना या यादीत जागा नाही.

मोजणं

हे काम घरी, स्वतःच्या हाताने करा. सामान लागतं ५० मिलीची सिरिंज, ॲक्रिलिकचा जाड तुकडा, ग्रीस आणि रंग घातलेलं रॉकेल. ॲक्रिलिकला एक बारीक भोक पाडा. हेड उलटं, लेव्हलमध्ये ठेवा, व्हॉल्व्ह आणि प्लग बसवा, चेंबरच्या (हेडमधल्या, पेट्रोल जळायच्या खोलगट जागेच्या) कडेला ग्रीस लावून तुकडा चिकटवा आणि भोकातून रॉकेल सोडा. हवेचा बुडबुडा राहिला तर माप खोटं. चारही चेंबर मोजा. जुन्या हेडमध्ये ते सारखे क्वचितच निघतात.

आता गणित. बोअर अर्धा मिमी वाढवून ६८.५ केला तर एका सिलेंडरची पोकळी होते २७६.४ सीसी. समजा चेंबर निघाला ३६ सीसी. दाबलेल्या गॅस्केटची जाडी १.२ मिमी आणि भोक ७० मिमी असेल तर त्याचे ४.६ सीसी. पिस्टन वरच्या टोकाला ब्लॉकच्या खाली ०.४ मिमी राहत असेल तर त्याचे दीड. एकूण ४२.१. या आकड्यात २७६.४ मिळवा आणि ४२.१ ने भागा: साडेसात. नऊ हवे असतील तर ही उरलेली जागा २७६.४ भागिले ८ (नऊ वजा एक), म्हणजे ३४.५ सीसी हवी. कमी करायचे साडेसात सीसी. तुमचे आकडे वेगळे येतील, रीत हीच. पिस्टनचं डोकं सपाट नसेल तर त्याचा खड्डा किंवा उंचवटाही मोजावा लागतो.

घासणं

हे साडेसात सीसी एकट्या हेडमधून काढू नका. ब्लॉकचा माथा ०.३ मिमी फेस केला (सपाट घासला) तर एक सीसी तिथेच जातो. उरलेल्या साडेसहासाठी हेड किती घासायचं? चेंबरचा आकार वेडावाकडा, सूत्र चालत नाही. उपाय सोपा आहे. हेड लेव्हलमध्ये ठेवून चेंबरमध्ये हवं तेवढंच, म्हणजे २९.५ सीसी रॉकेल ओता. रॉकेलची पातळी हेडच्या पृष्ठभागापासून जेवढी खाली, तेवढंच घासायचं. डेप्थ गेजने मोजा. माप दोन मिमीच्या पुढे गेलं तर मी घासत नाही. पाण्याच्या वाटेवरचा पत्रा पातळ करण्यापेक्षा साडेआठवर समाधान मानतो.

लेथवाल्याला एका दमात पूर्ण माप देऊ नका. आमच्याकडच्या बोअरिंगच्या दुकानांत रोजचं काम ट्रॅक्टरचं, तिथे ‘साफ होईस्तोवर घास’ एवढंच सांगायची पद्धत. मी आता शेजारी उभा राहतो. तीन चतुर्थांश माप झालं की हेड उतरवून परत सिरिंज लावतो. मशीनवरचा पोरगा वैतागून विचारतो, “भाऊ, आखो (अजून) घासू का?” मोजून झाल्यावरच “बस झायं” म्हणायचं.

घासल्यावर चेंबरच्या कडा ब्लेडसारख्या धारदार होतात. त्या लाल तापतात आणि ठिणगीआधीच पेट्रोल पेटवतात, म्हणून बारीक पॉलिश पेपरने गोल करा. हेड खाली आल्यामुळे रॉकरची (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्याची) बैठकही बदलते. रॉकरला ढकलणारे पुशरॉड तेवढेच आखूड करावे लागतात किंवा रॉकरच्या स्टँडखाली पॅकिंग द्यावं लागतं. मग मुलांच्या खेळण्यातली क्ले पिस्टनवर थापा, हेड जुन्या गॅस्केटसह कसा, टॅपेट सेट करा, क्रँक हाताने दोन फेऱ्या फिरवा आणि उघडा. जिथे व्हॉल्व्हचा ठसा उमटला तिथे क्ले कापून जाडी मोजा. इनटेकला निदान २ मिमी आणि एक्झॉस्टला अडीच मिमी हवी.

खालचं काम

बोअर, होन, क्रँक ग्राइंडिंग हे लेथवाल्याचं. रिंगेचा गॅप मात्र स्वतः बघा. ६८.५ च्या बोअरला ०.३ मिमीच्या आसपास ठेवा. कमी राहिला तर तापल्यावर रिंगेची टोकं एकमेकांना भिडतात.

बॅलन्सिंगला महागडं मशीन लागतं असं सांगतात. जळगावसारख्या सोन्याच्या गावात मला ते पटत नाही. ओळखीच्या सराफाकडे दुपारी गर्दी नसते. धुऊन-पुसून पिस्टन आणि पिना न्या आणि त्याच्या काट्यावर ठेवा. सगळ्यात हलका पिस्टन धरा आणि बाकीचे आतल्या बाजूने घासून एका ग्रॅमच्या आत आणा. कनेक्टिंग रॉडचं एक टोक दोरीने टांगून दुसरं काट्यावर ठेवलं की दोन्ही टोकांचं वजन वेगवेगळं कळतं. क्रँकचं बॅलन्सिंग असं होत नाही, ते मशीनवरच.

आग आणि गारवा

रेडिएटरचा कोअर नवा घाला आणि त्यात डिस्टिल्ड वॉटर व कूलंटच भरा. प्लग एक नंबर थंड जातीचे (उष्णता लवकर सोडणारे) घ्या. टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) कंपनीच्या खुणेपेक्षा दोन-तीन अंश मागे ठेवून सुरुवात करा. इथेनॉलमुळे पेट्रोलचं ऑक्टेन वाढतं हे खरं, पण त्याच हवेला इंधन जास्त लागतं. म्हणून मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं भोक) मोठा लागेल आणि रबरी पाइप इथेनॉलला टिकणारेच हवेत. मिश्रण पातळ राहिलं तर नऊचं कॉम्प्रेशनही पिस्टन खाईल.

चालवणं

पहिले पाचशे किलोमीटर जोर न लावता, पण वेग बदलत चालवा. इंजिन पहिल्यांदा तापून पूर्ण गार झालं की पुस्तकातला क्रम आणि टॉर्क धरून हेडचे नट परत कसा. शर्यत मैदानात आणि परवानगीनेच. रस्त्यावर लावली तर शिक्षेसाठी मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ आहे.

नॉकिंग ऐकायला तांब्याच्या नळीचं एक टोक ठोकून चपटं करा आणि ब्लॉकच्या एखाद्या बोल्टखाली दाबा. दुसऱ्या टोकाला रबरी नळी लावून ती गाडीत घ्या आणि शेजारी बसणाऱ्याच्या कानाला द्या. मग चाळीसगावहून कन्नडचा घाट तिसऱ्या गिअरमध्ये, पाय पूर्ण दाबून चढा. गुळगुळीत गुरगुर ऐकू आली तर ठीक. डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला की पाय लगेच काढा आणि टायमिंग दोन अंश मागे घ्या.

डिसेंबरमध्ये घाट पास झाला म्हणून काम संपलं असं समजू नका. तोच घाट मे महिन्यात दुपारी दोनला परत चढायचा. तेव्हा खडे वाजले आणि टायमिंग मागे घेऊनही थांबले नाहीत, तर हेड उतरवून जाड गॅस्केट घाला. वरच्या उदाहरणात अर्ध्या मिमीने जागा जवळपास दोन सीसी वाढते आणि कॉम्प्रेशन साडेआठच्या थोडं वर येतं. दोन गॅस्केट एकावर एक मात्र लावू नका, पहिल्याच चढाला उडतात.