सँडरवर पहिल्यांदा उभं राहणाऱ्यांसाठी

वर्कशॉपमध्ये नव्याने आलेल्या माणसाला कटिंग मशीनची भीती आपोआप वाटते. पातं दिसतं, दात दिसतात, हात मागे राहतो. लाकूड घासून गुळगुळीत करणाऱ्या सँडरचं तसं नाही. एका बाजूला फिरणारी डिस्क, दुसऱ्या बाजूला पट्टा, आणि त्यावर शेवटी पॉलिशपेपरच तर आहे, असं वाटतं. म्हणून नवशिक्याला बरेचदा सगळ्यात आधी याच मशीनवर उभं करतात, आणि शिकवतात मात्र सगळ्यात कमी. मला हे पटत नाही. इथे बोटं फिरत्या भागाच्या जितकी जवळ जातात, तितकी फार थोड्या मशीनवर जातात. ८० नंबरचा, म्हणजे खरखरीत दाण्यांचा पेपर लाकडाचा कोपरा काही सेकंदांत खाऊन टाकतो. बोटाची कातडी त्याहून कितीतरी मऊ असते.

डिस्कपासून सुरुवात करू. समोर उभं राहून पाहिलं तर बहुतेक डिस्क घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात, म्हणजे डावा अर्धा भाग खाली जातो आणि उजवा वर येतो. लाकूड लावायचं ते फक्त खाली जाणाऱ्या भागावर. तिथे डिस्क स्वतःच लाकूड टेबलावर दाबून धरते, तुम्हाला ते फक्त पुढे सरकवायचं असतं. वर येणाऱ्या बाजूला तेच लाकूड उचललं जातं, भुसा तोंडावर येतो, आणि तुकडा लहान असेल तर तो उडतो नि त्याला धरलेली बोटं थेट पेपरवर जातात. दिशेबद्दल खात्री नसेल तर मशीन क्षणभर चालू करून बंद करा आणि थांबता थांबता डिस्क कुठे फिरते ते बघा.

दुसरी गोष्ट वेगाची. ३०० मिमी व्यासाची डिस्क मिनिटाला १४४० फेरे घेत असेल तर तिच्या कडेचा वेग सेकंदाला साधारण साडेबावीस मीटर होतो, म्हणजे ताशी ८० किलोमीटरच्या आसपास. मधोमध मात्र तो जवळजवळ शून्य. त्यामुळे रुंद कड मध्यापासून कडेपर्यंत एकदम टेकवली तर ती एका टोकाला जास्त घासली जाते, आणि नवशिका ते भरून काढायला आणखी जोर लावतो. जोर लावायचा नाही. मनगटाची कड टेबलावर टेकवा, लाकूड हलकं लावा आणि सतत सरकवत राहा.

टेबल आणि डिस्क यांच्यातली फट दीड ते तीन मिलिमीटरच्या वर नको. जास्त असली तर पातळ पट्टी त्यात ओढली जाते, आणि तिच्यामागे बोट. टेबल तिरकं केलं की ही फट बदलते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. कोन बदलल्यावर फट पुन्हा बघायची, नट घट्ट करायचा आणि मगच बटण दाबायचं.

लहान तुकड्यांबद्दल माझा नियम कडक आहे: बोटं आणि पेपर यांच्यात चार बोटांचं अंतर राहत नसेल तर तो तुकडा हातात धरून घासायचा नाही. दुहेरी टेपने तो मोठ्या फळीला चिकटवा किंवा लाकडी क्लॅम्पमध्ये धरा. शक्य असेल तर त्याहून चांगलं म्हणजे लांब पट्टीचं टोक आधी घासून आकाराला आणा आणि मग तो तुकडा कापून घ्या. गोल दांडा हातात फिरकी घेतो, त्याला खाचेच्या ठोकळ्यात बसवा.

पट्टा बदलताना प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. पट्ट्याच्या आतल्या बाजूला बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेनेच हवा, नाहीतर जोड उचकटतो. कडा फाटलेल्या नाहीत ना ते बघा, आधी हाताने फिरवून पट्टा मधोमध राहतो का ते तपासा, मग चालू करून ट्रॅकिंगचा, म्हणजे पट्टा मधोमध आणणारा स्क्रू थोडा थोडा फिरवा. लाकूड नेहमी अडणीला, म्हणजे ते अडवून धरणाऱ्या पट्टीला टेकलेलं हवं, नाहीतर पट्टा ते तुमच्या हातातून ओढून नेतो.

आवाज ऐकायला शिका. पेपर नीट खात असतो तेव्हा एकसारखी खरखर येते. तो भरला किंवा बोथट झाला की आवाज बारीक होतो, जळका वास येतो, लाकडावर तपकिरी डाग पडतात. तेव्हा पेपरात अडकलेला भुसा काढणारा सफाईचा रबर लावा, नाहीतर पेपर बदला.

हातमोजे घालू नका. लाकडाची कुसळं टोचतील म्हणून ते घालावेसे वाटतात, पण मोजा अडकला की हात सोडवता येत नाही. ओढणी, सैल बाही, बांगड्या, अंगठी, गळ्यातलं ओळखपत्र, मोकळे केस, सगळं आधी आवरा. चष्मा आणि कानाचं संरक्षण मात्र हवंच. मशीन बंद केल्यावर डिस्क बराच वेळ फिरत राहते. ती लाकूड लावून थांबवू नका, आणि ती थांबेपर्यंत टेबलावरचा भुसा हाताने झाडू नका. वीज गेली तर बटण लगेच बंद करा, नाहीतर ती परत आली की मशीन आपोआप सुरू होऊ शकतं.

आता धुळीबद्दल, कारण हिची इजा त्या दिवशी दिसत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ १९९५ मध्ये माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली. धोका मुख्यतः नाक आणि त्यालगतच्या पोकळ्यांना आहे. सागवानासारख्या काही लाकडांची धूळ कातडीलाही त्रास देते. डोळ्यांना दिसणारा भुसा खाली बसतो, न दिसणारा हवेत तरंगत राहतो. म्हणून धूळ ओढून घेणारा डस्ट कलेक्टर आधी चालू, मशीन नंतर. एन ९५ मास्क काम संपलं तरी लगेच काढू नका. कपडे आणि टेबल कॉम्प्रेसरच्या हवेने झाडू नका, व्हॅक्यूम वापरा.

जुनं लाकूड असेल तर घासण्याआधी खिळे आणि स्टेपल शोधून काढा. खिळा पेपरला लागला की ठिणगी उडते, ती भुशाबरोबर कलेक्टरच्या पिशवीत जाते आणि आत धुमसत राहते. आग दिसते ती काही वेळा सगळे घरी गेल्यावर. म्हणून त्याच मशीनवर लोखंड घासायचं नाही, आणि संध्याकाळी पिशवी रिकामी करून भुसा इमारतीबाहेर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचा.