खान्देशच्या उन्हात टिकेल असा फोन: घेण्याआधी काय तपासावं

फोनच्या जाहिरातीत सर्वांत मोठ्या अक्षरात मेगापिक्सेल लिहिलेले असतात. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात किंवा धडगावच्या डोंगरात फोन वापरायचा असेल, तर तो आकडा सगळ्यात शेवटी बघा. आधी ऊन, नेटवर्क, लोकेशन आणि धूळ.

जळगाव-भुसावळकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या घरात जातो. अनेक कंपन्या मात्र फोन वापरण्यासाठी ० ते ३५ अंश हीच मर्यादा सांगतात. त्यापुढे फोन स्वतःला जपायला लागतो: चार्जिंग मंदावतं, स्क्रीन आपोआप अंधुक होते, कधी कॅमेराच बंद पडतो. म्हणून डेमो फोन दुकानाबाहेर न्या आणि १० मिनिटं फोर-के व्हिडिओ काढा. तेवढ्यात स्क्रीन मंद झाली, तर मे महिन्यात शेतात काय होईल ते कळलंच.

स्क्रीनच्या उजेडाचा आकडा निट्समध्ये असतो, आणि तिथेच फसगत होते. '३००० निट्स पीक' हा उजेड स्क्रीनच्या छोट्याशा भागापुरता, तोही ठरावीक दृश्यात मिळतो. तुम्ही 'एचबीएम' म्हणजे उन्हात संपूर्ण स्क्रीनवर मिळणारा उजेड विचारा. तो १००० निट्सच्या आसपास असेल तर भर दुपारी सातबारा वाचता येतो. तपासताना ऑटो ब्राइटनेस चालू ठेवा; बऱ्याच फोनमध्ये हा जादा उजेड त्याशिवाय मिळतच नाही.

बॅटरी ५००० एमएएचच्या खाली घेऊ नका. आता ६५०० ते ७००० एमएएचचे फोनही सहज मिळतात, आणि रात्री-अपरात्री मोटार चालू करायला जाणाऱ्याला ते खरोखर उपयोगी पडतात. १०० वॉटच्या चार्जिंगवर मात्र जास्तीचे पैसे घालवू नका. वेगवान चार्जिंगमुळे उष्णता वाढते आणि तापलेला फोन तो वेग घेतही नाही. ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय सेटिंगमध्ये आहे का, ते पाहा. बॅटरी भरलेली आणि गरम, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की तिचं आयुष्य झपाट्यानं घटतं. खोक्यात चार्जर आहे का, हेही विचारा.

सातपुड्याच्या पायथ्याशी किंवा अक्कलकुव्याकडे राहणाऱ्यांनी नुसतं '५जी' वाचून थांबू नये. कमी फ्रिक्वेन्सीचा सिग्नल लांब जातो आणि भिंतीही जास्त चांगल्या पार करतो. म्हणून फोनच्या बँडच्या (म्हणजे तो पकडतो त्या फ्रिक्वेन्सींच्या पट्ट्यांच्या) यादीत ४जीचे बँड ५ (८५० मेगाहर्ट्झ) आणि बँड ८ (९०० मेगाहर्ट्झ), तर ५जीचा एन२८ (७०० मेगाहर्ट्झ) शोधा. जिओचं ५जी एन२८ आणि एन७८ या बँडवर चालतं. परदेशातून आणलेल्या फोनमध्ये यातला एखादा बँड नसतो, मग गावात टॉवर असूनही रेंज मिळत नाही. सिमचा ट्रे काढून पाहा: हायब्रिड असेल तर दुसरं सिम किंवा मेमरी कार्ड, दोन्हींपैकी एकच बसतं.

ई-पीक पाहणी करणाऱ्यांसाठी जीपीएस महत्त्वाचं. गटात उभं राहून पिकाचा फोटो घेताना लोकेशन शेजारच्या गटात दिसलं की नोंद अडते. उपग्रहांच्या एल१ आणि एल५ अशा दोन्ही फ्रिक्वेन्सी घेणारा फोन घ्या. आसपासच्या अडथळ्यांवरून परावर्तित झालेल्या सिग्नलमुळे येणारी चूक त्यात कमी होते. उघड्यावर 'जीपीएसटेस्ट' ॲप चालवा, उपग्रहांच्या यादीत एल५ दिसायला हवं. स्वस्त फोनमध्ये कधी होकायंत्राचा सेन्सर नसतो, तेव्हा उभ्या जागी वळलं तरी नकाशातली दिशा बदलत नाही. तेही तिथेच वळून पाहा.

आयपी रेटिंगमधला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी५४मध्ये थोडी धूळ आत जाऊ शकते, आयपी६८मध्ये जात नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत हा फरक कळतो. चाचणी मात्र साध्या पाण्यानं होते. फवारणीचं औषध किंवा ठिबकमधलं विद्राव्य खत उडालं तर ओल्या फडक्यानं लगेच पुसा. पाणी शिरून झालेला बिघाड बहुधा वॉरंटीत बसत नाही, आणि फोन एकदा उघडला की सीलचा भरवसा संपतो. चार्जिंगच्या छिद्रात कचरा दाबून बसला की केबल सैल होते. फोन बंद करून लाकडी काडीनं हलकेच काढा, टाचणी घालू नका.

रॅम किमान ६ जीबी, शक्यतो ८. 'व्हर्च्युअल रॅम' (स्टोरेजचाच काही भाग रॅमसारखा वापरणं) जोडून सांगितलेला आकडा हिशेबात धरू नका. स्टोरेज १२८ जीबी आणि यूएफएस या वेगवान प्रकारचं असावं. ईएमएमसी हा संथ प्रकार असलेला फोन भरत आला की रखडतो.

कॅमेऱ्यात ओआयएस (हाताची थरथर लेन्स हलवून सावरणारी यंत्रणा) असेल तर संध्याकाळचे फोटो कमी हलतात. २ मेगापिक्सेलचा मॅक्रो (जवळच्या फोटोंचा) कॅमेरा निव्वळ कॅमेऱ्यांची संख्या वाढवतो. बोंडअळी किंवा केळीवरचा करपा जवळून दाखवायचा असेल, तर ऑटोफोकस असलेली अल्ट्रावाइड लेन्स हवी. ओआयएसवाला फोन मोटारसायकलच्या हँडलवर थेट बांधू नका. सततच्या कंपनानं लेन्सची यंत्रणा बिघडू शकते. खिशात ठेवा.

पैसे देण्याआधी *#०६# दाबून आलेला आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) खोक्यावरच्या आणि बिलावरच्या क्रमांकाशी जुळवा, सरकारच्या संचार साथी ॲपवरही तपासा. कंपनीचं सर्व्हिस सेंटर जळगावला आहे की धुळ्याला, आणि स्क्रीन बदलायला किती पैसे लागतील, हे विचारून घ्या. वक्र काच सपाट काचेपेक्षा बहुधा महाग पडते.